मामा, चला

आमच्या शाळेच्या फ्लेक्सवर तीच हाय.
तावडे हॉटेलाजवळ, नगरसेवकाच्या वाढदिवसाला खेटून,
हाताची घडी घालून हसती.
खाली लिवलंय: परदेशी शिक्षकवर्ग.
वर्ग कसला, एकटीच हाय.

सकाळी सव्वासातला शाहूपुरीत उभी असती.
डब्याची पिशवी, तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा,
बुटाला कालचा चिखल.
मी दार धरतो. ती चढती.
मग म्हणती, "मामा, चला."
तवा बंडामामा गिअर टाकतोय.
त्याआधी न्हाई.

पालक इचारत्यात, मिस अमेरिकेची का हो?
मी सांगतो, न्हाई, जॉर्जिया म्हणून देश हाय.
तेच की, म्हणत्यात. अमेरिकेतच की ते.
मी आठवी नापास, पर नकाशात बोट ठेवून दाखवीन:
काळा समुद्र, त्याच्या उजव्या अंगाला.
केर्लीजवळ उसाच्या ट्रॉल्यांत बस अडकली
तवा तिनंच काढून दाखवला हुता
काचेवरच्या वाफेत.

तिचं मराठी माझं हाय.
मी येतो, मी जेवलो, मी दमलो.
पुण्याहून तपासणीला आलेल्या बाई हसल्या.
बायकांनी येते म्हणायचं असतं, नातिया मॅडम.
ती माझ्याकडं बघाय लागली.
मी म्हणालो, कोल्हापुरात चालतंय.
परतताना तिनं सांगितलं,
त्यांच्यात बाईला आन् बाप्याला एकच शब्द,
तो येगळा आन् ती येगळी, असं न्हाईच.
मग इथं टेबल ते का, आन् खुर्ची ती का?
मला काय सांगता आलं न्हाई.
खुर्ची हाय. बसायचं.

एका रविवारी गंगावेशीत धारोष्ण दूध प्याली, उभ्यानं,
ओठावर फेस तसाच.
पलीकडं तालमीत कुणीतरी शड्डू ठोकला.
ग्लास हातात धरून थांबली.
म्हणाली, आमचा बा बी पैलवान.
तिकडं आखूड बाह्यांचा कोट घालून खेळत्यात,
कडंला ढोल वाजतोय.
मी इचारलं, बापाला काय म्हणता तुम्ही?
"मामा."
मी हसत सुटलो.
मग हसू आपलं आपणच थांबलं.
दोन वर्सं, रोज सव्वासातला,
ती हाक कुणाला मारती हुती?
बंडाला मी हे सांगितलं न्हाई.
हळवा हाय. ब्रेक नीट दाबायचा न्हाई.

माघात एका मंगळवारी ती चढली.
गठ्ठा न्हाई, डबा न्हाई, मोबाईल मुठीत.
दांडी धरली.
"मा," म्हणाली,
आन् पुढं काय येईना.
बंडामामा आरशात बघतोय.
मागनं केएमटी हॉर्नवर हॉर्न मारतीया.
रोज कालवा करणारी चाळीस पोरं, सगळी गप.
मला कळलं. पर मी काय करणार,
माझीच पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली.
तेवढ्यात पहिलीतली इनाया मुजावर,
दप्तर मांडीवर, कंटाळलेली:
"मामा, चला की."

बस हालली.
शिवाजी पुलाखाली नदी दिसत नव्हती, नुस्तं धुकं.
तीन विमानं बदलून जायचं, आन् माती दुसऱ्या दिवशीच;
तिकीट काय मिळालं न्हाई.
दुसऱ्या तासाला सातवीला तिनं अपूर्णांक शिकवलं.
मी चहा घेऊन गेलो तवा
फळ्यावर काय उमटतच नव्हतं,
मार्कर सुकलेला,
ती तरी लिहीतच हुती
आन् पोरं वहीत उतरून घेत हुती.
काय उतरत हुती, देव जाणे.

जूनमधी एसपी ऑफिसात तिचा कागद नवा करायचा असतोय.
संगं मी.
कारकुनानं मान वर न करता इचारलं,
वडिलांचं नाव?
"गिवी."
हयात?
ती माझ्याकडं बघाय लागली,
मराठी अडलं की बघती तशी.
हा शब्द मी तिला शिकवलाच नव्हता.